बोलक्या भिंतींच्या शाळेत

शाळा सुटली की आम्ही चौघं शिक्षकखोलीत थोडा वेळ नुसते बसतो. मी बोटांवरचा वाळलेला फेव्हिकॉल सोलत असते. मोहिते सर डोळे मिटून चहाची वाट बघतात. सावंत बाई खुर्चीवर पाय वर घेऊन घोटे चोळतात आणि ऋतुजा मोबाइलमध्ये उद्याच्या तक्त्यासाठी चित्रं शोधत असते. मग कुणीतरी म्हणतं, "आज माझ्या वर्गात काय झालं माहितीये?" आणि घरी जायला हमखास उशीर होतो.

हे किस्से आम्ही मुद्दाम जमवत नाही. वर्ग झाडायला घेतला की बाकांखालून पेन्सिलीचे तुकडे निघतात, तसे ते निघत राहतात. आणि टाकवतही नाहीत.

आमची शाळा परळमधली, मराठी माध्यमाची. मुलं दरवर्षी कमी होतायत. त्यामुळे ह्या वर्षी आमच्या मुख्याध्यापिका करंदीकर मॅडमनी जूनमध्येच सांगितलं, "प्रत्येक वर्गाची भिंत बोलली पाहिजे. आणि प्रत्येक तासाचं टाचण तयार पाहिजे." टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार, कसं शिकवणार, ते आज लिहून ठेवायचं. भिंत बोलली पाहिजे म्हणजे तिच्यावर तक्ते, चित्रं, पताका, लोंबणारी फुलपाखरं, सगळं पाहिजे. थोडक्यात, शाळा भरेपर्यंत शिकवायचं आणि सुटल्यावर कात्री हातात घ्यायची. सावंत बाईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. त्या आपल्या मालवणीत एवढंच म्हणाल्या, "भिती बोलतीत गो. माका आता उभ्यान् रवाक होणा नाय, ता कोण बोलतला?"

* * *

पहिला मान ऋतुजाचा, कारण ती आमच्यात सगळ्यात नवी. दुसरीचा वर्ग तिच्याकडे. तिने नेटवरून सुंदर रंगीत तक्ते काढले, दुकानातून प्रिंट करून लॅमिनेट करून आणले. त्यात एक होता 'आजचे हवामान'. मोठा गोल, मध्ये फिरणारा काटा. ऊन, ढग, पाऊस, वारा आणि बर्फ. बर्फाच्या खणात मफलर घातलेला बर्फाचा माणूस.

सावंत बाईंनी चष्मा वर करून बघितलं. "ह्या बर्फाचं परळमध्ये काय करायचं गं?"

"सेटमध्येच आहे तो, बाई. कापून काढला तर गोल तुटतो."

रोज सकाळी एका मुलाने काटा फिरवायचा, असं ठरलं. जुलै लागला. सोमवारी पाऊस, मंगळवारी पाऊस, बुधवारी पाऊस. काटा फिरवायला कुणी उठेना. काय फिरवणार? मग एका सकाळी ऋतुजा वर्गात गेली तर काटा बर्फावर.

"कुणी केलं हे?"

साहिल उभा राहिला. त्याची आई भाऊच्या धक्क्यावरून मासे आणून विकते.

"साहिल, बाहेर काय पडतंय?"

"पाऊस."

"मग काटा बर्फावर का?"

"सकाळी आई टॅक्सीतून टोपली उतरवत होती. तेव्हा बर्फ पडला, बाई."

"कुठे पडला?"

"माझ्या पायावर."

त्याने बूट काढून अंगठा दाखवला. सुजला होता. ऋतुजाने काटा आहे तिथेच ठेवला. दुपारी करंदीकर मॅडम फेरी मारायला आल्या, तक्त्यासमोर थांबल्या, खिडकीतून बाहेर कोसळणारा पाऊस बघितला, परत तक्ता बघितला.

"ऋतुजा, हे काय आहे?"

"स्थानिक हवामान आहे, मॅडम."

* * *

मोहिते सरांकडे चौथी. अक्षर मोत्यासारखं, आवाज खणखणीत, पण टाचण लिहायचं म्हटलं की सर दहा वर्षांनी म्हातारे दिसतात. अशा दमलेल्या शिक्षकांसाठी मोबाइलवर ग्रुप असतात. तिथे राज्यभरातल्या कुणा भल्या शिक्षकाने लिहिलेलं तयार टाचण येतं. सर ते आपल्या सुंदर अक्षरात उतरवून काढतात. वाचतात की नाही, हा वेगळा प्रश्न.

तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले. उन्हातान्हात शाळा फिरून तेही दमलेले. पंख्याखाली बसून त्यांनी सरांचं टाचण उघडलं, दोन पानं उलटली आणि थांबले.

"बुधवारी मुलांना शेतावर नेलंत?"

सर म्हणाले, "हो साहेब."

"'जवळच्या शेतावर पायी नेणे. पेरणी दाखवणे. शेतकऱ्याशी गप्पा.'"

"हो साहेब."

"परळमध्ये."

खाली रस्त्यावर बसने लांबलचक हॉर्न दिला. सर खिडकीकडे बघत राहिले. मी शेजारी उभी होते, पण मदत करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. माझ्या टाचणातही तेच शेत होतं.

"म्हणजे साहेब, जवळच्या म्हणजे..." सरांनी सुरुवात केली आणि सोडून दिली.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "ह्या आठवड्यात ह्या शेतावर मला वरळीची शाळा भेटली, दादरची भेटली, आता तुमची. सगळे बुधवारीच गेले होते. त्या शेतकऱ्याने पेरणी कधी केली असेल हो?"

सही करून ते उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"पुढच्या आठवड्यात विहीर आहे," ते म्हणाले. "मुलांना जपा."

* * *

आता माझा. तिसरीला दशक-एकक शिकवायला मला काड्या लागतात. दहा काड्यांचा एक गठ्ठा, वर रबर बँड, झाला दशक. आइस्क्रीमच्या कपाबरोबर लाकडी चमचा मिळतो ना, तो ह्या कामाला फार चांगला. मुलांच्या हातात नीट बसतो, टोचत नाही.

नवऱ्याच्या चुलतबहिणीचा साखरपुडा होता, ठाकूरद्वारच्या एका हॉलमध्ये. जेवणानंतर आइस्क्रीम आलं. लोक खाऊन चमचे टाकत होते आणि मला ते बघवेना. आधी मी आमच्या टेबलवरचे उचलले. मग शेजारच्या टेबलवरचे. मग पर्समधली पिशवी काढून रांगेने निघाले. नवरा हळूच उठून दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसला. मी बेसिनपाशी चमचे धूत होते तेव्हा मागून आवाज आला.

"शाळेत आहेस ना तू?"

सासऱ्यांचे मामेभाऊ, बंडूकाका. सगळ्यांच्या लग्नाकार्यात पुढे असणारे, प्रेमळ माणूस.

"हो काका."

"पगार होतो ना गं वेळेवर?"

"होतो की."

काकांनी मान हलवली. खरं सांगायची लाज वाटणाऱ्या माणसाकडे बघून हलवतात, तशी. मी म्हटलं, "काका, हे मुलांसाठी. दहाचा एक गठ्ठा करायचा असतो, म्हणजे दशक..."

"बोलू नकोस काही," काका म्हणाले आणि निघून गेले.

आम्ही निघालो तेव्हा ते दारात उभे होते. हातात जड पिशवी. मसालेभात, बटाट्याची भाजी, जिलब्या. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि डोक्यावर हात ठेवला. "घरी पोरं असतील. कुणाला सांगू नकोस. दिवस बदलतात."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो हॉलचा दिवा बघत होता. दशक-एकक परत पहिल्यापासून समजावायचं त्राण माझ्यात नव्हतं. सकाळपासून शाळा, सुटल्यावर तक्त्यांच्या बॉर्डर कापलेल्या, घरी जाऊन मुलांसाठी कुकर लावायचा होता. मी पिशवी घेतली. त्या रात्री मुलांनी पोटभर जिलब्या खाल्ल्या आणि मी स्वयंपाक केला नाही.

आता बंडूकाकांकडच्या प्रत्येक कार्याचं बोलावणं आम्हाला आवर्जून येतं. पिशवी आधीच भरलेली असते. आणि वर, वेगळ्या कागदात गुंडाळून, धुतलेले चमचे.

* * *

ऋतुजाने मला मोबाइलवर टाचण करायला शिकवलं. विषय टाकायचा, इयत्ता टाकायची, की मशीन सगळं लिहून देतं. मिनिटांसकट. मी टाकलं, 'तिसरी, आपले अन्न'. आलं ते वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटायला लागला. 'पाचवे मिनिट: मुले उत्सुकतेने प्रश्न विचारतील. आठवे मिनिट: मुले आनंदाने टाळ्या वाजवतील.' मी तसंच उतरवलं.

नेमक्या त्याच तासाला करंदीकर मॅडम निरीक्षणाला आल्या. मागच्या बाकावर बसल्या. आमचे बाक लहान मुलांचे. मॅडम उंच. गुडघे हनुवटीपाशी आले, पण त्यांनी चेहरा सरळ ठेवला. मांडीवर माझं टाचण, हातात पेन, नजर घड्याळावर.

मी शिकवायला सुरुवात केली. भाकरी कशाची, वरण कशाचं. भिंतीवर मी लावलेली कागदी भाजी मंडई होती, तिच्याकडे बोट दाखवून वांगी, भेंडी. मुलं माझ्याकडे बघतच नव्हती. सगळी मान वळवून मागे बघत होती. पाच मिनिटं झाली. मॅडमनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "कुणाला काही विचारायचंय?"

गौरीचा हात वर.

"विचार बाळा."

"बाई, मॅडमना मागे का बसवलंय? शिक्षा केलीय का?"

मी काही बोलायच्या आत तिच्या शेजारचा म्हणाला, "उशिरा आल्या ना त्या. बेल झाल्यावर आल्या."

सगळ्यांना हे पटलं. दोघीतिघींनी मॅडमकडे बघून, आपल्यावरही अशी वेळ आली होती, असा चेहरा केला. तास संपला तेव्हा मॅडमना बाकातून निघता येईना. दोन मुलींनी हात धरून ओढलं, तेव्हा सुटल्या, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी त्यांचा शेरा वाचला. 'पाचव्या मिनिटाला प्रश्न आला. टाळ्या थोड्या उशिरा आल्या. बाकी नियोजनाप्रमाणे.'

* * *

वर्ग सजवायच्या बाबतीत मोहिते सर साफ हरलेले. "माझा हात खडूपुरता," असं म्हणतात. पालकसभेत त्यांनी प्रामाणिकपणे विचारलं, कुणी मदत कराल का. घरत नावाचे एक वडील उठले. लालबागला मंडप डेकोरेशनचा धंदा. "सर, रविवारी चावी द्या. सोमवारी वर्ग ओळखणार नाही तुम्ही."

सोमवारी खरंच ओळखला नाही. भिंतींवर लाल-पिवळं सॅटिन, वर झालर, छताला कापडाचं फूल, फळ्याच्या दोन्ही बाजूंना पडदे, फीत लावून अर्धे उचललेले. दारात कमान. कमानीवर सोनेरी अक्षरात 'इयत्ता चौथी आपले सहर्ष स्वागत करीत आहे'.

मुलं आली आणि कुणी न सांगता दाराबाहेर चपला काढल्या. आत जाऊन हाताची घडी घालून बसली. बोलायचं झालं तर कुजबुजत. सर मला मधल्या सुट्टीत हळूच म्हणाले, "इतकी वर्षं शिकवतोय, वर्ग असा शांत कधी नव्हता. मलाच मोठ्याने बोलायची लाज वाटते."

एका मुलाची आजी विसरलेला डबा द्यायला आली. कमानीतून आत आली, थबकली, हात जोडले. वेणीतलं फूल काढून फळ्याखालच्या लाकडी पट्टीवर ठेवलं. मग सरांसमोर उजवा हात पुढे करून उभी राहिली. सरांना काय करावं कळेना. टेबलावर बिस्किटाचा पुडा होता, त्यातलं एक दिलं. आजीने ते डोळ्यांना लावलं आणि तोंडात टाकून निघून गेली.

तीन-चार दिवस असे पवित्र गेले. मग गुरुवारी भागाकार चालू असताना घरत दारात. मागे दोन माणसं, एक शिडी.

"सर, सॉरी. भोईवाड्यात अर्जंट हळद आली. कापड कमी पडतंय."

"आत्ताच?"

"संध्याकाळची हळद आहे, सर."

सर फळ्याकडे वळले. मागे शिडी सरकत होती, खिळे निघत होते आणि सर भाग लावत होते. बाकी शून्य आली तोवर भिंतीही कोऱ्या झाल्या. जुना निळा रंग आणि पोपडे. माणसं कापडाचे गठ्ठे घेऊन उतरली.

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उठला. बाहेर गेला, चपला घालून आत आला, जागेवर बसला आणि शेजारच्याशी मोठ्याने बोलायला लागला.

* * *

प्रवेशाच्या दिवसांत आम्ही शाळा सगळ्यांसाठी खुली ठेवतो. या, वर्ग बघा, मुलांची नावं घाला. आम्ही तिघी इस्त्रीच्या साड्या नेसून, कागदी फुलं लावून दारात उभ्या. सकाळभर चार टाळकी फिरकली. त्यात एक तरुण आई होती. ती प्रत्येक वर्गात जाऊन भिंतींचे फोटो काढत होती. जवळून, लांबून, वाकून.

"हे कुणी केलं?" तिने विचारलं.

"आम्हीच," सावंत बाई म्हणाल्या.

"कमाल आहे. आमच्या मुलीच्या शाळेतसुद्धा एवढं नाही."

हे ऐकल्यावर करंदीकर मॅडम स्वतः फॉर्म घेऊन आल्या. चेहऱ्यावर कित्येक दिवसांत न दिसलेलं हसू. "मुलगी कितवीत आहे तुमची?"

"केजीत. दादरला, इंग्लिश मीडियमला. तिला 'माय ड्रीम क्लासरूम' म्हणून प्रोजेक्ट दिलाय. मला काही सुचतच नव्हतं. हा पिवळा कागद कुठे मिळाला, मॅडम?"

मॅडमनी फॉर्म हळूच दोन्ही हातांनी मागे घेतला. हसू तसंच ठेवलं. ते ठेवायला त्यांना किती जोर लागला, ते आम्हाला दिसलं.

"सावंत बाई, ह्यांना वरचा मजला पण दाखवा," त्या म्हणाल्या आणि आपल्या केबिनमध्ये गेल्या.

सावंत बाईंनी वरचा मजला दाखवला. दुकानाचा पत्ता सांगितला, गल्लीत कुठे वळायचं तेही सांगितलं. उरलेला अर्धा पिवळा कागद गुंडाळून दिला. ती बाई मनापासून थँक्यू म्हणत गेली. मग सावंत बाई पायरीवर बसल्या.

"आमका नाय," त्या म्हणाल्या, "पण आमच्या भितीक इंग्लिश मिडियमात ॲडमिशन गावली."

* * *

हा शेवटचा सावंत बाईंचा. त्या स्वतः कधी सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

त्यांच्याकडे पहिली. वरळीची चाळ पाडायला घेतली म्हणून एक कुटुंब आमच्या बाजूला राहायला आलं. त्यांची मुलगी तन्वी जूनमध्ये पहिलीत आली. ती शाळेत बोलायची नाही. म्हणजे एक शब्दही नाही. लिहायची, रंगवायची, डबा खायची, पण बोलणं बंद. तिची आई म्हणाली, "बाई, घरी हिचं तोंड मिटत नाही हो. इथेच काय होतं कळत नाही." हजेरी घेताना तन्वीचं नाव आलं की वर्ग थांबायचा. ती बाकाकडे बघत राहायची. मुलं म्हणायची, "बाई, ती मुकी आहे."

"मुकी नाही रे," सावंत बाई सांगायच्या. "तिचं बोलणं अजून घरून निघायचंय."

मग त्यांनी तोंडी हजेरी बंदच केली. मागच्या भिंतीवर कागदाचं झाड केलं. तपकिरी खोड, लांब फांद्या. प्रत्येक मुलाच्या नावाचं एक हिरवं पान, पानामागे वेलक्रोची पट्टी. पानं खाली टोपलीत. सकाळी आलं की आपलं पान उचलायचं आणि झाडाला लावायचं. ज्याचं पान टोपलीत राहिलं, तो गैरहजर. सगळ्यांना वाटलं, बाईंनी छान सजावट केली. तन्वी रोज आपलं पान सगळ्यात खालच्या फांदीला लावायची. तळहाताने दाबायची, लागलंय ना ते बघायची आणि जागेवर जायची.

एकदा तिच्या आईने तिला घरी विचारलं, "आज तरी बोललीस का शाळेत?"

ती म्हणाली, "रोज बोलते. हजर म्हणते."

दिवाळीनंतर संस्थेचे सेक्रेटरी पाहुणे घेऊन येणार होते. शाळेला मदत करू शकतील असे पाहुणे. करंदीकर मॅडमनी ठरवलं, तळमजल्यावरचे सगळे वर्ग एकाच थीममध्ये हवेत. समुद्र. निळा कागद, मासे, शंख, लाटा.

सावंत बाई त्यांच्या केबिनमध्ये गेल्या. मी बरोबर होते. "मॅडम, माझं झाड राहू दे."

"समुद्रात झाड कसं असेल, बाई?"

"एका कोपऱ्यात राहील."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मलाही आवडतं ते झाड. पण ही माणसं खूश झाली नाहीत तर पुढच्या वर्षी पहिलीचा वर्ग..." त्यांनी पेन परत उचललं.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघींनी झाड उतरवलं. खोड फाटू नये म्हणून सावंत बाई ब्लेडने हळूहळू टेप सोडवत होत्या. मग निळा कागद लावला. मी मासे चिकटवले. पानांची टोपली त्यांनी होती तिथेच, जमिनीवर, ठेवली.

सोमवारी मुलं मासे बघून नाचायला लागली. तन्वी आली. दप्तर ठेवलं, टोपलीतून आपलं पान घेतलं आणि भिंतीपाशी गेली. समोर समुद्र. ती तशीच उभी राहिली. मग तिने दाराच्या मागे बघितलं. कपाटाच्या बाजूला बघितलं. मुलं हसली. ती पान मुठीत धरून जागेवर जाऊन बसली.

सावंत बाईंनी हजेरीपट उघडला आणि नावं घ्यायला सुरुवात केली. हजर, हजर, हजर. "तन्वी." सावंत बाई थांबल्या. पुढचं नाव घेतलं नाही.

तन्वी बाकावरून उठली. टेबलापर्यंत आली. बाई उभ्या होत्या, तिचा हात पुरेल तिथे, कमरेपाशी, पदरावर तिने ते पान लावलं. तळहाताने दाबलं. लागलंय ना ते बघितलं. आणि जागेवर जाऊन बसली.

मधल्या सुट्टीत मी कात्री मागायला गेले. सावंत बाईंनी पाहुण्यांसाठी नवीन साडी नेसली होती, फिक्या जांभळ्या रंगाची. तिच्यावर हे भलंमोठं हिरवं पान, त्यावर ठळक अक्षरात 'तन्वी'.

"बाई, पान..."

"असांदे," त्या म्हणाल्या.

दुपारी सेक्रेटरी आले. मागे पाहुणे, बाजूला करंदीकर मॅडम, मी दारात. मुलांनी माशांचं गाणं म्हटलं. तन्वी नुसती उभी होती, सगळ्यांबरोबर. पाहुण्यांनी फोटो काढले. सेक्रेटरी भिंतींकडे बघून छान, छान म्हणत फिरले आणि फिरत फिरत सावंत बाईंसमोर आले. त्यांची नजर पदरावर गेली. सभ्य माणूस. जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमच्या साडीला काहीतरी चिकटलंय."

करंदीकर मॅडमचा चेहरा उतरला. पान काढायला त्यांनी घाईने हात पुढे केला. सावंत बाई एक पाऊल मागे सरल्या आणि पानावर आपला हात ठेवला.

"चिकटलं नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "हजेरी लागलीय."